कप्तानाचा चहा

ऋतिकाची नोकरीची ऑर्डर आली आणि त्याच संध्याकाळी आमच्या निलेशला शोध लागला, की पुरुषाचा मेंदू वेगळा असतो आणि बाईचा वेगळा. त्याआधी नाही लागला. लग्न झालं, पोर झाली, तोवर दोघांचे मेंदू सारखेच होते.

ऋतिका माझी सून. इलेक्ट्रिकलची इंजिनीअर. चिऊ पोटात असताना तिने परीक्षा दिली, चिऊ अंगावर पीत होती तेव्हा मुलाखत दिली, आणि पोफळीच्या वीजघरात कनिष्ठ अभियंता म्हणून लागली. पोफळी म्हणजे चिपळूणच्या पुढे, घाटाच्या पायथ्याला. आमचं घर भाट्याला, रत्नागिरीची खाडी ओलांडली की. रोज जाऊन येण्यासारखं अंतर नव्हे ते. तिथे कॉलनीत क्वार्टर मिळणार होता. आणि निलेशचं काम घरात बसूनच, मुंबईच्या कंपनीचं, दिवसभर कानाला ते डबडं लावून. म्हणून ऋतिका साधं बोलली, "तू चल ना माझ्याबरोबर. तुझं काम तिथूनही होईल. मी ड्युटीवर असेन तेव्हा चिऊला तू बघ, मी आले की मी बघेन."

यात न कळण्यासारखं काय होतं? जिथे डोंगराच्या पोटातून वीज काढतात, तिथे याचा एक कॉम्प्युटर चालला नसता?

निलेशने मोबाइल पुढे केला. त्यात कोट घातलेला कुणी एक बाप्या हातवारे करून सांगत होता. पुरुषाचा मेंदू म्हणे एका वेळी एकच काम करतो. बाईचा दहा करतो. पोर रडलं की बाईच्या डोक्यात घंटा वाजते, पुरुषाच्या डोक्यात वाजतच नाही.

"मी आळशी आहे म्हणून नाही बोलत, ऋतिका," निलेश म्हणाला. "रचनाच तशी आहे. मी चिऊला सांभाळायला बसलो तर एक दिवस काहीतरी होऊन बसेल."

मी तांदूळ निवडत होते. मनात म्हटलं, मेल्या, एका डोळ्याने मॅच बघतोस, एका हाताने मोबाइल दाबतोस, तोंडाने बांगड्याचे काटे काढतोस आणि त्यातच बायकोशी भांडतोस, तेव्हा ती किती कामं होतात? पण मी तोंड उघडायच्या आत ओटीवरून आवाज आला.

"बरोबर बोलतो तो. बायकांचं डोकं त्या कामासाठीच घडवलेलं असतं. आपलं नाय."

बोलणारे आमचे हे. भिकाजीराव.

आता गंमत ऐका. आमचे हे तीस वर्षं जहाजावर भंडारी होते. जातीचे नव्हेत हो, कामाचे. जहाजावर जो रांधतो त्याला भंडारी म्हणतात. पंचवीस-तीस माणसांचं तिन्ही वेळचं हे करायचे. समुद्र खवळला की भांडी दोरीने बांधून रस्सा करायचे म्हणे. रजेवर आले की ओटीवर माणसं जमवून सांगायचे, अमक्या कप्तानाने माझ्या हातची कोंबडी खाऊन मला मिठी मारली, तमका साहेब माझ्यासाठी थांबून राहिला. आणि मग आत बघून ओरडायचे, "अगो, पाणी आण!" आमच्या घरात मिठाचा डबा कुठे असतो ते त्यांना ठाऊक नव्हतं.

आणि कुणाला म्हणजे कुणाला त्यात वावगं दिसलं नाही. जहाजावरचं रांधणं म्हणजे नोकरी. घरातलं रांधणं म्हणजे बायकांचं डोकं. मलाही दिसलं नाही, खोटं कशाला सांगू. शेजारच्या यमुनाबाईंना मीच मिरवून सांगायचे, आमच्या ह्यांच्या हातचं गोरे साहेब बोटं चाटून खातात. मी स्वतः कधी चाखलं नव्हतं.

एक दिवस मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. निलेश तेव्हा तीन वर्षांचा. माझं दुसरं पोर पाचव्या महिन्यात पोटातच गेलं. मला दवाखान्यातून घरी आणलं त्या सकाळी हे रजेवरच होते. निलेश उपाशी, रडून रडून त्याचा घसा बसलेला. मी आतून म्हटलं, "जरा पेज ठेवता काय? मला उठवत नाही." हे ओटीवर सदूशी गप्पा मारत होते. सदू त्यांचा लहानपणचा मित्र, जिभेला हाड नाही असा. हे दारात आले नि म्हणाले, "मला काय कळतंय तुमच्या चुलीतलं?" मग यमुनाबाईंना हाक मारायला गेले. त्या मासळी आणायला मिरकरवाड्याला गेलेल्या. शेवटी मीच भिंत धरून उठले. पेज उतू जाईतो माझ्या पायांवरून रक्त घोट्यापर्यंत आलं होतं. निलेशला भरवलं. तेवढ्यात हे आत डोकावून म्हणाले, "उरली असली तर थोडी मलाही वाढ."

मी वाढली. राग नाही आला. ज्याला येतच नाही त्याच्यावर काय राग धरायचा?

असो. ऋतिकाला एक तारखेला हजर व्हायचं होतं. निलेशचं पालुपद एकच. एक तर नोकरी सोड, नाहीतर पोरीला आईकडे ठेव, नाहीतर आईला बरोबर ने, आईला सवय आहे. बघा, तीन वाटा काढल्या पठ्ठ्याने आणि तिन्ही बायकांच्याच दाराशी नेल्या. ऋतिका दिवसभर मोरीत कपडे आपटायची, एवढा एकच आवाज. एकदा मला म्हणाली, "आई, मी ही संधी सोडली तर पुन्हा नाही मिळायची. आणि सोडली तर मी ह्याला कधी माफ नाही करणार." माझे गुडघे गेलेले, आणि ह्यांचं सगळं हातात द्यावं लागायचं. मी काय बोलणार होते?

त्यातच ह्यांना मेंदूचा झटका आला. बागेत आंब्याखाली उभे होते, तिथेच खाली बसले. रत्नागिरीला दवाखान्यात नेलं. जिवावरचं टळलं, हातपायही वाचले, पण घरी आले ते भलतीकडेच बघत आले. मला ओळखेनात. खिडकीशी उभं राहून विचारत, बंदर कधी लागणार?

आणि एका सकाळी मला जाग आली ती फोडणीच्या वासाने. मला वाटलं ऋतिका उठली. बघते तर ती चिऊला घेऊन दारात उभी, तोंडावर हात. आत हे. कमरेला माझा जुना पंचा गुंडाळलेला, एका शेगडीवर डाळ, दुसरीवर अंड्यांचा रस्सा, तिसरीवर फुलका टम्म फुगलेला, नि चौथीवर चहा. एका हाताने लाटतायत, एका हाताने ढवळतायत, आणि तोंडाने शीळ! एका वेळी एकच काम करणारा मेंदू म्हणे.

मी घाबरून ओरडले, "काय चाललंय तिकडे?"

हे टाचा जुळवून ताठ उभे राहिले. "गुड मॉर्निंग, कप्तान साब. चाय तयार है."

या जगात आवाज चढवतो तो कप्तान, एवढंच त्यांच्या डोक्यात उरलं असावं. त्यांनी फडक्याने खुर्ची पुसली, मला बसवलं, कपाची कड पुसली, कप बशीत ठेवला आणि थोडे मागे सरून उभे राहिले, साहेबाला आवडतो की नाही ते बघत. लग्नाला एवढी वर्षं झाली, माझ्या नवऱ्याने मला पहिला चहा दिला तो मला दुसराच कुणी समजून.

चहा फक्कड होता. रस्सा त्याहून फक्कड. मी पहिला घास घेतला नि मला रडू फुटलं, आणि ते काही मायेचं रडू नव्हतं. इतकं चांगलं येतं मेल्याला, हे मला आता कळावं!

निलेशही जेवला. बोटं चाटत जेवला. ऋतिका त्याला म्हणाली, "बघितलंस? तुझे बाबा पुरुषच आहेत ना?"

"ते आजारी आहेत," निलेश म्हणाला. "मेंदूचा पुरुषी भाग गेला असणार त्यांच्या. म्हणून बायकी भाग चालू झालाय." आणि आणखी एक फुलका घेतला. आयत्या पिठावर रेघोट्या, वर बापाला वेडाही ठरवायचं.

त्याने ह्यांना परत डॉक्टरांकडे नेलं, मी बरोबर होते. हीच विद्या त्याने डॉक्टरांनाही सांगितली. डॉक्टर तरुण पोरगा, हसू दाबत होता. त्याने ह्यांच्या डोक्याचं चित्र पडद्यावर दाखवलं, त्यात एक बारका डाग. म्हणाला, अलीकडच्या आठवणी विस्कटल्यात, पण हाताच्या जुन्या सवयी शाबूत आहेत. तीस वर्षं केलेलं काम आहे ते, त्यात बायकी काही नाही.

"पण पुरुषाच्या आणि बाईच्या मेंदूत फरक असतो ना?" निलेश काही सोडेना.

"सरासरी काढली तर थोडे फरक निघतात. त्यांचा अर्थ काय लावायचा यावर वाद चालूच आहेत. पण भात कुणी शिजवायचा आणि पोर कुणी घ्यायचं, हे काही त्यात लिहिलेलं नसतं."

मी विचारलं, "मग डॉक्टर, ह्यांनी घरी एकदाही का नाही केलं?"

"ते स्कॅनमध्ये दिसत नाही, आजी," तो म्हणाला. गोळ्या लिहून दिल्या. गोळ्यांनी नि दिवसांनी हळूहळू ताळ्यावर येतील म्हणाला.

घरी पाऊल टाकल्या टाकल्या निलेशने ऋतिकाला सांगितलं, "फरक असतो. डॉक्टरच म्हणाले." ऋतिकाने माझ्याकडे बघितलं. मी नाही म्हणून मान हलवली, पण काय सांगणार? सोयीचं तेवढंच ऐकणारा कान घेऊन आलेल्याला कोण समजावणार?

त्या दिवसांत मी कप्तान झाले. आधी ऋतिकाला हसवायला म्हणून झाले, मग मलाच गोडी लागली. "भंडारी, आज सुरमई," म्हणायचं, की सुरमई पुढे. "भंडारी, मीठ कमी," म्हटलं की हात जोडून "माफी, साब." चिऊ रडली की तिला खांद्यावर टाकून कढी ढवळायचे. घंटा बरोबर वाजत होती डोक्यात. पण रोज एक गोळी जात होती पोटात, आणि मधूनच हे थांबून माझ्याकडे निरखून बघायला लागले होते. मला कळून चुकलं, आता थोडेच दिवस. विचारायचं ते आत्ताच विचारायला हवं.

दुपारचं जेवण चालू होतं. निलेश पाटावर, ऋतिका चिऊला भरवत, मी खुर्चीवर. हे फुलके वाढत होते. मी आवाज जाड केला.

"भंडारी, घरी कोण कोण?"

"घरवाली, साब. एक मुलगा."

"घरवालीला कधी करून घातलंस का रे हे असं?"

ते हसले. ते हसू मी कधी बघितलं नव्हतं. पुरुष पुरुषांत बसून हसतात, बाई आली की गिळतात, ते हसू. खाली वाकून हळू म्हणाले, "तेवढा मी खुळा नाय, साब. एकदा येतं म्हटलं की जन्माचं गळ्यात पडतं. येत नाय म्हणायचं, सुटलो. माझा बाप मला हेच शिकवून गेला. बायकांना सांगायचं, तुमचं डोकंच वेगळं गो बाय, तुम्हाला जमतं ते आम्हाला थोडंच जमणार? त्यापण खूश, आपणपण खूश. तुम्ही पुरुष माणूस, तुम्हाला काय सांगायचं!"

ऋतिकाचा घास हातातच राहिला. पण आता मी थांबणार कशी?

"आणि घरवाली आजारी पडली, म्हणजे?"

हसू गेलं. हातातल्या फडक्याला पीळ घालत राहिले. "एकदा पडली होती, साब. पोटातलं गेलं होतं तिचं. पेज मागत होती. पेज काय, मी डोळे मिटून ठेवली असती. हात नुसते शिवशिवत होते. पण ओटीवर सदू बसलेला. त्याने गावभर केलं असतं, भिकाजी बायकोची चूल फुंकतो म्हणून." मग माझ्याकडे बघून अगदी कळवळून म्हणाले, "तिला कळू देऊ नका, साब."

ताट उचलून त्यांच्या तोंडावर मारावं असं वाटलं मला. जन्मभर मी धरून चालले होते, की ह्यांना येत नाही. त्या एका गोष्टीवर मी संसार केला. भिंत धरून उठले ती त्यावर उठले. आणि ह्यांना येत होतं! हात शिवशिवत होते! माझं रक्त घोट्यापर्यंत आलं ते सदूच्या जिभेला भिऊन!

निलेश घसा खाकरून म्हणाला, "आई, बाबा भ्रमात बोलतायत. मनावर घेऊ नकोस."

"भ्रमात ते नाहीत रे," मी म्हटलं. "भ्रमात मी होते. आणि तू कुठल्या शाळेत शिकलास ते आज मला कळलं."

यावर, देवाशपथ सांगते, त्याने रस्सा मागितला.

मी ऋतिकाला म्हटलं, "गो बाय, तू बॅग भर. एक तारखेला हजर व्हायचं. चिऊला तिथे मी बघेन."

"आई, तुमचे गुडघे..."

"गुडघे इथे राहून काय नाचणार आहेत?"

निलेशचा चेहरा एकदम खुलला. त्याला वाटलं त्याची तिसरी वाट लागू पडली. म्हणून मी पुढचं सांगितलं. "बाबांना तू बघायचं. गोळ्या, आंघोळ, सगळं. जेवणाचं ते बघतील, बरे होईपर्यंत. पुढे तुम्ही दोघं आणि तुमचे मेंदू."

"मी? मला कुठे जमणार..."

"घंटा वाजेल हो," ऋतिका म्हणाली. त्या महिन्यात ती पहिल्यांदा हसली, पण त्या हसण्यात निलेशसाठी काही उरलेलं दिसलं नाही मला.

आम्ही निघालो त्या सकाळी हे दारात सलाम ठोकून उभे होते. कप्तान साब उतरून चालले होते ना! इतकी वर्षं ट्रंक घेऊन हे निघायचे आणि दारात मी उभी असायचे. त्यांनी माझ्या हातात डबा दिला, रस्त्यात खायला. सावर्ड्याला गाडी थांबली तेव्हा मी तो उघडला. पुऱ्या, बटाट्याची भाजी, कोपऱ्यात लोणचं, पुऱ्या भिजू नयेत म्हणून मध्ये केळीचं पान. पान बघून मला भडभडून आलं. एवढी काळजी कळते माणसाला, आणि ती घरच्या बाईसाठी नव्हे, कप्तानासाठी. मी एक पुरी खाल्ली नि डबा शेजारच्या म्हातारीला दिला.

आता पोफळीला आहोत. ऋतिका ड्युटीवर जाते, मी चिऊच्या मागे फिरते, गुडघ्यांना तेल लावते. चूल इथेही माझ्याच गळ्यात आहे. सुटी असली की ऋतिका करते, पण ती तरी बाईच. निलेशचं काय बिघडलं? काही नाही. ह्यांना गोळ्या लागू पडायला लागल्या, तशी ह्यांनी शेगडी सोडली. मग दोघांनी डबा लावला, आणि डबा करतं कोण, तर यमुनाबाईंची सून. निलेशने अजून चिऊला बघायला एक फेरी मारलेली नाही. ऋतिका त्याचं नावही काढत नाही.

परवा त्याचा फोन आला. आवाजात नुसता आनंद. "आई, बाबा बरे झाले! मला ओळखलं. सदूकाकांना ओळखलं. तुझी चौकशी करतात. तू ये आता परत."

मागून ह्यांचा आवाज ऐकू आला, पूर्वीचा, ओटीवरचा. "कुठे गेली ती? चहा कोण ठेवणार?"

"स्पीकर लाव," मी म्हटलं. त्याने लावला. मी श्वास घेतला आणि घरात कधी काढला नव्हता असा आवाज काढला. "भंडारी! चाय!"

तिकडे खुर्ची सरकली. हे उभे राहिले होते, मला इथून दिसत होते, हात कमरेच्या पंचाकडे गेलेला. मी वाट बघत होते. देवाला सांगते, जीव कानात आणून वाट बघत होते.

"निलेश," हे म्हणाले, "तुझी आई काय खुळ्यासारखी बोलते रे? मला कुठे येतो चहा?"

तेव्हा मला कळलं. आमचे हे आता अगदी ठणठणीत बरे झाले.